टक्का आणि बिल

कंत्राटांतल्या आरक्षणावर वाद सुरू झाला की पाच मिनिटांत तो टक्क्यावर येऊन ठेपतो. मार्च २०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने सरकारी खरेदी आणि कंत्राटांच्या कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हाही तेच झाले. कोणत्या समाजाला किती, त्यात धर्म आला की नाही, राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींकडे का धाडले, यावर रणे माजली. त्या राज्यात छोट्या बांधकामांत अनुसूचित जातींच्या कंत्राटदारांसाठी १७.१५ आणि जमातींसाठी ६.९५ टक्के कामे आधीपासूनच राखीव होती. त्या तरतुदीने किती नवे कंत्राटदार उभे राहिले, किती बुडाले, किती जणांचे बिल वेळेवर निघाले, हे त्या गदारोळात कुणी विचारल्याचे मला तरी आठवत नाही. आता हाच वाद, याच भाषेत, स्वच्छ ऊर्जेच्या दारात आला आहे. छपरांवरचे सौर संच, शेतातले सौर पंप, शाळा-दवाखान्यांवरची पॅनेले यांवर सरकारी तिजोरीतून प्रचंड पैसा खर्च होतो आहे, आणि तो कुणाच्या हातून खर्च व्हावा हा प्रश्न रास्तच आहे. एक बाजू म्हणते, वंचित समाजांतल्या छोट्या कंत्राटदारांना त्यात वाटा राखून ठेवा. दुसरी म्हणते, विजेशी खेळ नको, गुणवत्ता बघा. भांडण पुन्हा टक्क्यावरच. (कंत्राटांच्या संदर्भात ‘टक्केवारी’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जे येते ते वेगळेच, तो विषय आज बाजूला ठेवू.)

या कंत्राटदारांना पाठबळ द्यायलाच हवे, असे माझे मत आहे. त्यामागे दयाबुद्धी नाही. हे काम त्यांच्यावाचून धड होणार नाही, एवढा साधा हिशेब आहे. राखीव वाट्यालाही माझा विरोध नाही. पण या माणसाला बाहेर ठेवणारे कुलूप टक्क्याचे नाही. ते पैसा कधी हातात पडतो याचे आहे. ते उघडल्याशिवाय टक्का चारचा आठ केला तरी आत जाणारा माणूस बदलत नाही, फक्त दारावरची पाटी बदलते.

आधी काम कसले आहे ते पाहू. राजस्थानातले भडला, कर्नाटकातले पावगडा ही सौरउद्याने दोन-दोन हजार मेगावॉटची आहेत. तिथे छोट्या कंत्राटदाराचा आग्रह धरणे वेडेपणा ठरेल. तिथे मोठी कंपनी, मोठे कर्ज आणि मोठी यंत्रेच हवीत. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे आणि तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपये ठेवले आहेत. एक कोटी घरे म्हणजे एक कोटी निरनिराळी छपरे. एकाचा स्लॅब गळका, दुसऱ्यावर पत्रा, तिसऱ्यावर शेजारच्या टाकीची सावली, चौथ्याकडे अर्थिंगचाच पत्ता नाही. इथे प्रत्येक काम छोटेच असते आणि प्रत्येक काम नव्याने समजून घ्यावे लागते. अशी शंभर कामे मोठ्या कंपनीला एकगठ्ठा दिली तरी तिचा संचालक शिडीवर चढत नाही. चढतो तो पोटठेकेदार, आणि त्याच्या हाताखालची चार पोरे. म्हणजे छोट्या माणसाला हे काम झेपेल का, हा प्रश्न विचारायची वेळ केव्हाच टळली. तो ते करतोच आहे. विचारायचे ते हे, की तो ते कुणाच्या नावावर करतो, आणि मधला माणूस स्वतःसाठी किती ठेवून त्याच्या हातावर किती टेकवतो. गुणवत्तेची काळजी असलेल्यांनी तर हे आधी विचारायला हवे. पोटठेक्याच्या दोन पायऱ्या उतरून आलेल्या पैशात चांगली तार घ्यावी की हलकी, हा निर्णय आपोआपच होऊन जातो.

आता हिशेब मांडू. समजा, एका शाळेच्या छपरावरचे दहा लाखांचे काम आहे. त्यातले सात लाख पॅनेल, इन्व्हर्टर, सांगाडा आणि तारा यांचे. मजुरी, वाहतूक वगैरे वजा जाता एक लाख नफा सुटतो असे धरू. माल रोखीने आणायचा, काम पुरे करायचे, मग तपासणी, मग नेट मीटर (दिलेली आणि घेतलेली वीज मोजणारा), मग बिल, मग निधी येईल तेव्हा पैसे. असे सहा महिने जातात. ज्याला बँक दारात उभे करत नाही, तो सात लाख बाहेरून उचलतो. महिना दोन टक्के व्याज धरले तरी सहा महिन्यांचे ८४ हजार होतात. हाती राहिले १६ हजार. तेच काम मोठ्या कंपनीने वर्षाला दहा टक्के व्याजाच्या कर्जावर केले, तर व्याज पडते ३५ हजार आणि उरतात ६५ हजार. पॅनेल तेच, पाना तोच, ऊनही तेच. चौपट फरक पडला तो केवळ कुणाला कुठल्या भावाने पैसा मिळतो यावर. यात अजून अनामत रक्कम धरलेली नाही, बँक गॅरंटीसाठी अडकवून ठेवावी लागणारी ठेव धरलेली नाही. सूर्यघर योजनेतल्या संचांची पाच वर्षे देखभाल ज्याने बसवले त्याच्याच गळ्यात असते. तो खर्चही यात धरलेला नाही. अशा माणसाला निविदेत राखीव जागा मिळाली तर त्याला काय मिळाले? तोट्यात जाण्याचा हक्क.

केंद्र सरकारचे २०१२ चे खरेदी धोरण याचा चांगला नमुना आहे. केंद्राच्या खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, त्यातच एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून, असे त्यात ठरले. २०१८ मध्ये २० चे २५ झाले, स्त्रियांसाठी ३ टक्के आले. कागद उत्तम आहे. पण ते ४ टक्के गाठायला सरकारी उपक्रमांची दमछाक होते. शिवाय धोरण आहे वस्तू आणि सेवांसाठी. बांधकामाच्या, म्हणजे ज्याला सरकारी भाषेत ‘वर्क्स’ म्हणतात, त्या कंत्राटांना ते लागू नाही. सौर संचाचे सगळे काम एकत्र काढले की ते बहुधा या वर्क्सच्या खान्यात जाऊन पडते. तीच गत उशिरा मिळणाऱ्या पैशाची. २००६ च्या कायद्याने लघु उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यायचे. वाचून वाटते, वा! पण वर्क्स कंत्राटांना हा कायदा लागूच होत नाही, असे निकाल काही उच्च न्यायालयांनी दिले आहेत. म्हणजे ज्याला दोन्ही संरक्षणांची सर्वांत जास्त गरज, त्याच्या डोक्यावर नेमके दोन्ही छपरांना भोक. आणि कायदा लागू झाला असता तरी ज्या कार्यालयाकडे पुढच्या वर्षी पुन्हा टेंडर भरायचे आहे, त्याच्यावर व्याजाचा दावा कोण ठोकणार? २०२५ मध्ये महाराष्ट्रात थकलेल्या बिलांसाठी कंत्राटदारांना आंदोलन करावे लागले. ते संघटना असलेले, नेत्यांना फोन करू शकणारे लोक होते. ज्याला फोन करायला कुणी नाही, त्याचे काय होत असेल?

पैसा आणि कंत्राट यांचे हे नाते आपल्याला नवे नाही. जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते, हे आपल्या बोलण्यातून सहसा निसटते. पुण्याच्या परिसरात होणाऱ्या धरणासारख्या सरकारी कामांना माल पुरवणारी कंपनी त्यांनी भागीदारीत चालवली. मुंबईत जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळाजी कालेवार यांसारखे तेलुगू समाजातून आलेले कंत्राटदार सत्यशोधक समाजाचे भक्कम आधार होते. १८७३ साली निघालेल्या त्या संघटनेच्या उभारणीत या कमाईचा वाटा मोठा आहे. शेतसाऱ्यात पिचलेल्या आणि कचेऱ्यांतून वगळलेल्या समाजांना इंग्रजी राजवटीतली बांधकामे हे पैसा मिळवण्याच्या मोजक्या वाटांपैकी एक होते. आणि त्या वाटेवर कोण आडवे येत असे, हेही जोतीरावांनी लिहून ठेवले: इंजिनीअर खात्यातला कारकून, मोजमाप लिहिणारा, बिल पुढे सरकवणारा. खात्यातल्या लुटीवर त्यांनी पोवाडाच रचला. दीडशे वर्षे झाली. मोजमाप पुस्तिकेच्या जागी काही ठिकाणी संगणक आला, एवढेच.

आता विरोधकांकडे वळू, कारण त्यांचे दोन मुद्दे खरोखर वजनदार आहेत आणि माझ्या बाजूचे लोक ते ऐकूनही घेत नाहीत.

पहिला सुरक्षिततेचा. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये मंदीवर उतारा म्हणून घरोघरी छतात उष्णतारोधक थर बसवायची योजना काढली. सरकार पैसे देणार, म्हणताच काल-परवापर्यंत वेगळेच धंदे करणारे लोक त्यात उतरले. वर्षभरात दहा लाखांवर घरे झाली, चार तरुण कामगार मेले, आगी लागल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये योजना गुंडाळावी लागली. २०१४ मध्ये चौकशी आयोगाने सरकारचेच वाभाडे काढले. छपरावरच्या सौर संचात तर उन्हात असेपर्यंत बंद न होणारा डीसी करंट असतो. एक सैल जोड ठिणगी धरत राहतो आणि महिन्यांनी पेटतो. तेव्हा ‘संधी द्या, शिकतील’ हे वाक्य इथे बेफिकीरपणे उच्चारू नये, हे मला मान्य आहे. पण ऑस्ट्रेलियात घडले काय? तिथे कुणा वंचित समाजासाठी जागा राखलेली नव्हती. दार सर्वांसाठी सताड उघडे होते, घाई सरकारची होती, सक्तीचे प्रशिक्षण नव्हते आणि तपासणी मागाहून धावत होती. त्या अपघातांवरून छोट्यांना काम देऊ नका हा निष्कर्ष निघत नाही. शिकवल्यावाचून, तपासल्यावाचून आणि एका दमात काम देऊ नका, हा निघतो. मीही तेच मागतो आहे: आधी दोन छपरांचे काम, त्याची कडक तपासणी, मग दहा, मग पन्नास. आजची निविदा नेमके याच्या उलट वागते. गेल्या तीन वर्षांची उलाढाल आणि ‘तत्सम कामाचा अनुभव’ मागते आणि अनुभव मिळवण्याची पहिली पायरीच काढून घेते. उलाढालीचा आकडा गुणवत्ता दाखवतो, असे कुणी सिद्ध केले आहे? जोड घट्ट आहे की नाही हे ताळेबंदात दिसत नाही, छपरावर दिसते.

आणि गुणवत्तेचा हा कळवळा निवडकही आहे. २०१६ मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ सुरू झाले, त्यानंतर नव्या कंपन्यांना सरकारी खरेदीत पूर्वानुभव आणि उलाढाल यांच्या अटींतून सवलत देण्याची सोय नियमांत झाली. अनुभव नसलेल्या पंचविशीतल्या पोरांना सरकारी काम! त्यावर कुणी ‘आता गुणवत्तेचे काय होणार’ म्हणून अग्रलेख लिहिले नाहीत. उलट नव्या रक्ताचे, धाडसाचे कौतुक झाले. आणि ते योग्यच होते. मग तीच सवलत, तेवढ्याच तपासणीसह, वस्तीतल्या आयटीआय झालेल्या वायरमनला दिली की ती एकाएकी खिरापत का होते? लॅपटॉपवाल्याचा अननुभव म्हणजे धाडस आणि पकड-पाना घेतलेल्याचा अननुभव म्हणजे धोका, या वाटणीला कुठलेही तांत्रिक कारण मला सापडलेले नाही.

दुसरा मुद्दा बनावट मालकांचा, आणि हा खरा जिव्हारी लागणारा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात पुलांच्या काँक्रीट तुळया बनवणाऱ्या एका कंपनीने सुमारे पंधरा वर्षे अल्पसंख्याक मालकाची एक छोटी कंपनी पुढे करून १३ कोटी ६० लाख डॉलरची राखीव कामे लाटली. कामे खरी, दाखला खरा, मालकही खरा. फक्त तो काम करत नव्हता, नाव वापरू देण्याचे पैसे घेत होता. दक्षिण आफ्रिकेत २०१७ च्या नियमांनी ३ कोटी रँडवरच्या सरकारी कामांत ३० टक्के पोटठेके वंचित गटांतल्या छोट्या कंपन्यांना देण्याची तरतूद आणली, तर हत्यारबंद टोळ्या बांधकामाच्या जागेवर येऊन ‘आमचे तीस टक्के’ मागू लागल्या. तिकडे त्यांना बांधकाम माफिया म्हणतात. इतक्या लांब तरी कशाला जायचे? महाराष्ट्रात छोट्या सरकारी कामांच्या वाटपाचे ३३:३३:३४ हे सूत्र आले: एक वाटा मजूर सहकारी संस्थांना, एक सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, उरलेला खुल्या स्पर्धेला. कल्पना सुरेख होती; घाम गाळणाऱ्यांनीच मालक व्हावे. किती मजूर संस्थांत मजूर उरले आणि किती संस्था पुढाऱ्यांच्या खिशात गेल्या, हे सांगायला मराठी वाचकाला माझी गरज नाही.

तर हे सारे कबूल. पण असे होते का, याचा विचार दोन्ही बाजू करत नाहीत. एक म्हणते राखीवपणाच कुजका, दुसरी म्हणते अंमलबजावणीत थोडे डावे-उजवे व्हायचेच. मला कारण वर मांडलेल्या हिशेबात दिसते. ज्याच्याकडे सात लाख नाहीत, त्याला दहा लाखांचे राखीव काम मिळाले की त्याच्यापुढे दोनच वाटा राहतात: ८४ हजार व्याज भरून १६ हजार कमवायचे, किंवा ज्याच्याकडे सात लाख आहेत त्याला आपले नाव वापरू देऊन घरबसल्या वीस-पंचवीस हजार घ्यायचे. दुसरी वाट धरणारा माणूस लबाड आहे असे मी म्हणणार नाही. त्याला गणित येते, एवढेच. ज्याच्या हाती भांडवल नाही त्याचा जातीचा दाखला हेच एक भांडवल बनते, आणि भांडवल भाड्याने जातेच. म्हणून बनावट मालक पकडायला आणखी एक दक्षता समिती नेमून फारसे साधत नाही. खरे काम करण्यात नाव भाड्याने देण्यापेक्षा जास्त पैसे सुटू लागले, तर ही भाडेपट्टी आपोआप आटते.

हे करता येते का? अमेरिकेतल्या अटलांटा शहराचे उदाहरण मला म्हणूनच आवडते. मेनार्ड जॅक्सन १९७३ मध्ये त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले, तेव्हा निम्मी वस्ती कृष्णवर्णीयांची असूनही शहराच्या कंत्राटांतला अल्पसंख्याकांचा वाटा एक टक्काही नव्हता. नव्या विमानतळाचे अवाढव्य काम समोर होते. त्यांनी चौथा हिस्सा मागितला आणि धावपट्टीवर गवत वाढले तरी चालेल, पण याशिवाय काम सुरू होणार नाही, अशी भूमिका घेतली. मोठ्या कंपन्यांना छोट्यांशी भागीदारी करावी लागली: काम एकत्र, हिशेब एकत्र. खर्च वाढेल, वेळ जाईल, अशी भाकिते झाली. टर्मिनल सप्टेंबर १९८० मध्ये सुरू झाले आणि जगातल्या सर्वाधिक वर्दळीच्या विमानतळांत आज त्याचे नाव वर असते. त्या धोरणाचे लाभ वशिल्याच्या मोजक्या वर्तुळात फिरले अशी टीका तिथेही झाली, आणि ती निराधार नाही. पण भागीदारीच्या अटीत एक गोष्ट होती जी निव्वळ टक्क्यात नसते: मोठ्याची पत छोट्याच्या कामाला लागली.

‘मग सगळ्याच छोट्यांना पाठबळ द्या, त्यात समाज कशाला?’ हा प्रश्न सभ्य आहे आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रिचमंड शहराच्या खटल्यात साधारण तोच विचारला. खटला उभा राहिला होता तुरुंगातल्या स्टीलच्या मुताऱ्या बसवण्याच्या कामावरून; इतिहासाला जागेची निवड नसते. निम्मी कृष्णवर्णीय वस्ती असलेल्या त्या शहरात अल्पसंख्याकांना मुख्य कंत्राटांपैकी एक टक्काही मिळत नव्हता. तरी शहराने विशिष्ट भेदभाव सिद्ध केलेला नाही, आणि लाभार्थींच्या यादीत एस्किमोंसारखे गटही आहेत, ज्यांचा रिचमंडशी संबंध काय, असे म्हणत न्यायालयाने ३० टक्क्यांची योजना रद्द केली. याद्या आंधळेपणाने फुगवल्या की असे होते, हे त्या निकालातून शिकावे. पण समाजाचा प्रश्न आर्थिक निकषात पूर्ण मावत नाही, आणि त्याचे कारण उधारी हे आहे. बांधकामाच्या धंद्याचे रक्त म्हणजे उधारी. तारांच्या व्यापाऱ्याकडून साठ दिवसांच्या बोलीवर माल उचलता येतो तो नात्याच्या, ओळखीच्या, ‘आपला माणूस’ म्हणण्याच्या जोरावर. तेवढाच गरीब, तेवढाच शिकलेला दुसरा माणूस त्या वर्तुळाबाहेरचा असेल तर त्याला रोकड मोजावी लागते. २००५ च्या आर्थिक गणनेत अनुसूचित जातींच्या मालकीचे उद्योग दहा टक्क्यांच्या आत होते. लोकसंख्येतला त्यांचा वाटा सोळा टक्क्यांवर होता. त्याआधीची पंधरा वर्षे, उदारीकरणाची सारी भरभराट होऊनही, तो आकडा जवळजवळ हलला नव्हता. उत्पन्नाचा दाखला उधारी मोजत नाही. म्हणून समाज मोजावा लागतो.

राहता राहिला स्वस्ताईचा मुद्दा. मोठ्या खरेदीने भाव पडतात, हे खरे आहे. सरकारी घाऊक खरेदीत एलईडी बल्ब २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडत होता, दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. हा मुद्दा मी खोडणार नाही, उचलणार आहे. माल घाऊक घ्या, काम किरकोळ वाटा. पॅनेल आणि इन्व्हर्टर सरकारने किंवा वीज कंपनीने एकगठ्ठा विकत घ्यावेत आणि कंत्राटदाराला कामावर द्यावेत. एका फटक्यात सात लाखांचा बोजा उतरतो. उरते ते कौशल्याचे आणि मजुरीचे काम, ज्यात छोटा माणूस कुणाला हार जात नाही. अडचण आहे, ती लपवत नाही: संच बंद पडला की पुरवठादार म्हणेल जोडणी चुकली आणि कंत्राटदार म्हणेल पॅनेल सदोष. त्यासाठी माल ताब्यात देतानाच चाचणी आणि दोघांच्या सह्या लागतील. कटकट आहे, पण व्याजापेक्षा स्वस्त. अमेरिकेने १९३५ पासून खेड्यांत वीज नेली तेव्हाही असेच काहीसे झाले. दहातल्या एखाद्याच शेतावर वीज होती. विरळ वस्तीत तारा ओढणे खासगी कंपन्यांना परवडत नव्हते. सरकारने कर्ज दिले, खांब-तारांचे नमुने ठरवून खर्च पाडला आणि काम शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांकडे दिले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत दहातल्या नऊ शेतांवर दिवे लागले. खुद्द दक्षिण आफ्रिकेतही, जिथे माफियाचे उदाहरण आहे, २०११ पासूनच्या अक्षय ऊर्जेच्या लिलावांत गुणांचे वजन ७० भाव आणि ३० स्थानिक रोजगार, मालकी, समाजहिस्सा असे होते. पहिल्या ते तिसऱ्या फेरीत सौर विजेचा दर साधारण एक तृतीयांशावर आला. त्याचे मोठे श्रेय जगभर पडलेल्या पॅनेलच्या किमतींना आहे, पण सामाजिक अटी घातल्या की वीज महाग होते हे भाकीत तिथे तरी खोटे ठरले.

मग टक्का किती ठेवावा? चार की आठ, यावर मी घसा फोडणार नाही. छोट्या कामांची निविदा वेगळी काढा, माल पुरवा, अनामतीच्या जागी सरकारी हमी निधी उभा करा आणि तपासणीनंतर ठरल्या दिवशी पैसे द्या. न दिल्यास व्याज मागण्याची वाट न पाहता ते बिलातच जोडून द्या. आणि प्रत्येक कामाच्या चार तारखा जाहीर करा: काम पुरे झाले कधी, तपासणी झाली कधी, बिल सादर झाले कधी, पैसे जमा झाले कधी. त्या चार तारखा कंत्राटदाराच्या सामाजिक गटाप्रमाणे वेगळ्या मांडल्या की कोणाचे बिल किती दिवस टेबलावर पडून राहते ते दिसेल. गुणवत्तावाल्यांनी हा तक्ता मागितलेला नाही. टक्केवाल्यांनीही नाही.